जुन्या हार्डडिस्कवरचं विंडोज नव्या एसएसडीवर हलवताना

पाच-सात वर्षं जुना लॅपटॉप चालू व्हायला चार-पाच मिनिटं घेतो. टास्क मॅनेजर उघडून बघावा तर डिस्कपुढे 100% लिहिलेलं. दुकानात नेला की उत्तर ठरलेलं असतं: "एसएसडी टाका, फॉरमॅट मारून देतो." यातला पहिला सल्ला बिनतोड आहे. दुसऱ्याबद्दल मात्र थोडं थांबून विचार करावा.

एसएसडीचा सल्ला बिनतोड का, ते आधी सांगतो. लॅपटॉपमधली साधी हार्डडिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते. म्हणजे हवा असलेला भाग वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, साडेपाच मिलिसेकंद लागतात. डोकं योग्य जागी सरकायला लागणारा वेळ त्यात मिळवला की विखुरलेल्या फाइली वाचताना डिस्क सेकंदाला जेमतेम साठ-सत्तर वाचनं करते. विंडोज सुरू होताना हजारो लहान फाइली वाचतं, त्यामुळे रॅम वाढवली तरी तिथलं रडगाणं थांबत नाही. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळं चिपवर साठतं. साधी साटा (हार्डडिस्कच्याच जोडणीची) एसएसडीसुद्धा अशी हजारो वाचनं सेकंदाला करते.

आता फॉरमॅटचं. कोरं विंडोज टाकणं सगळ्यात स्वच्छ, यात वाद नाही. व्हायरस येऊन गेलेला असेल, विंडोज वरचेवर निळ्या पडद्यावर जात असेल, किंवा यंत्रावर ब्राउझर आणि ऑफिस सोडून काही नसेल, तर क्लोनच्या नादी लागूच नका. पण डीटीपी करणाऱ्याच्या यंत्रावर श्रीलिपी, जुने फॉन्ट, ठरावीक व्हर्जनचं पेजमेकर किंवा कोरल असतं. कर सल्लागाराकडे टॅली, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर आणि चार सरकारी पोर्टलांच्या चार वेगवेगळ्या युटिलिटी असतात. हे सगळं पुन्हा बसवायला दोन दिवस जातात, आणि अर्ध्या गोष्टींच्या सीडी कधीच हरवलेल्या असतात. अशा यंत्राचं विंडोज आहे तसं उचलून नव्या डिस्कवर न्यायचं. त्यालाच क्लोन म्हणतात.

खालची पद्धत विंडोज 10 आणि 11 ला लागू आहे. उदाहरण सगळ्यात जास्त आढळणारं घेतलंय: आत 1 टीबीची हार्डडिस्क, तिच्या जागी 500 जीबीची एसएसडी.

नुसतं कॉपी-पेस्ट का चालत नाही

सी ड्राइव्हमधलं सगळं निवडून दुसऱ्या डिस्कवर टाकलं तर फाइली जातील, पण यंत्र त्यावरून सुरू होणार नाही. कारण विंडोज एका पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या एकाच तुकड्यावर, राहत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडा. स्टार्ट बटणावर राइट क्लिक केलं की यादीत सापडतं. तिथे सी ड्राइव्हच्या आधी शंभर-दोनशे एमबीचा एक चिमुकला भाग दिसेल, त्यावर 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' लिहिलेलं असेल. मदरबोर्ड आधी तिथे जातो, तिथून त्याला विंडोजचा पत्ता मिळतो. सी ड्राइव्हच्या मागे बहुधा पाचशे एमबीच्या आसपासचं किंवा त्याहून मोठं रिकव्हरी पार्टिशन असतं. शिवाय 16 एमबीचा एक राखीव भाग असतो, तो या खिडकीत दिसतच नाही. क्लोन म्हणजे हे सगळं त्याच क्रमाने, त्याच ओळखक्रमांकांसह नव्या डिस्कवर उमटवणं.

तिथेच आणखी एक गोष्ट बघून कागदावर लिहून ठेवा. डाव्या बाजूला जिथे 'डिस्क 0' लिहिलंय तिथे राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग 'व्हॉल्यूम्स' टॅब. पार्टिशन स्टाइल, म्हणजे पार्टिशनांची नोंद ठेवायची पद्धत, जीपीटी (नवी) आहे की एमबीआर (जुनी), ते तिथे कळतं. यंत्र साधारण 2013 नंतरचं असेल तर बहुधा जीपीटी असतं. एमबीआर निघालं तरी क्लोन होतोच. फक्त विंडोज 11 कडे जायचं असेल तर पुढे एक पायरी वाढते.

कुठली एसएसडी घ्यायची

आपल्या लॅपटॉपमध्ये काय बसतं हे पाहिल्याशिवाय काही मागवू नका. लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक खालच्या स्टिकरवर असतो. कंपनीच्या साइटवर त्याचं सर्व्हिस मॅन्युअल बघा. शक्यता तीन.

पहिली, 2.5 इंची साटा. जुन्या हार्डडिस्कच्या जागी जशीच्या तशी बसते. एसएसडीची जाडी 7 मिलिमीटर असते. जुनी डिस्क 9.5 मिलिमीटरची असेल तर नवी थोडी हलते, म्हणून सोबत येणारी प्लास्टिकची चौकट चिकटवायची. साटाची मर्यादा सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास. ऐकायला कमी वाटते, पण हार्डडिस्कवरून येणाऱ्याला तीही पुरून उरते.

दुसरी, एम डॉट टू खाचेतली, पातळ पट्टीसारखी एनव्हीएमई, म्हणजे साटाहून वेगवान जोडणीची. तिसरी, त्याच आकाराची पण आतून साटा असलेली. घोळ इथेच होतो. दोन्ही 22 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर लांब, म्हणून दोन्हींवर 2280 लिहिलेलं, आणि दोन्ही पट्ट्या एकाच खाचेत शिरतातही. पण खाच फक्त साटा समजणारी असेल तर एनव्हीएमई पट्टी यंत्राला दिसतच नाही. 2015 ते 2018 च्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हा प्रश्न येतो, म्हणून मॅन्युअल बघा म्हटलं. एनव्हीएमईची खाच रिकामी असेल तर मात्र मजा आहे. जुनी डिस्क आत, नवीही आत, बाहेरून केबल लावायची गरजच नाही.

आकाराचं गणित: कंपनी 500 जीबी म्हणते तेव्हा विंडोज 465 दाखवतं, आणि 1 टीबीचे 931 दिसतात. कमी काही दिलेलं नसतं, मोजायची पट्टी वेगळी. एसएसडी लवकर खराब होते ही भीतीही आता सोडा. सॅमसंगच्या 870 इव्हो या 500 जीबीच्या डिस्कला पाच वर्षं किंवा 300 टीबी लिखाण, यांपैकी जे आधी होईल तितकी वॉरंटी आहे. म्हणजे पाच वर्षं रोज 160 जीबी लिहिलं तर ती संपेल. घरच्या यंत्रावर रोज वीस जीबीसुद्धा लिहिलं जात नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला घ्या, पुण्यात तापकीर गल्लीत घ्या नाहीतर ऑनलाइन, पक्कं बिल घ्याच. वॉरंटी त्यावरच मिळते. नाव न ऐकलेल्या कंपनीची 2 टीबी डिस्क हजारभर रुपयांत दिसली तर पुढे चला. तसल्या डिस्क आकार खोटा सांगतात आणि भरत आल्या की आधीच्याच फाइलींवर लिहायला लागतात.

साटा डिस्क घेतलीत तर सोबत साटा ते यूएसबी केबल लागेल. ती यूएसबी 3 ची घ्या आणि लॅपटॉपच्या निळ्या पोर्टात लावा. यूएसबी 2 वरून सेकंदाला तीस-पस्तीस एमबी जातात, म्हणजे 200 जीबीला पावणेदोन तास. यूएसबी 3 वर जुन्या डिस्कच्या वेगाइतकं काम होतं, आणि तेवढ्याच मजकुराला पाऊण तास पुरतो.

क्लोनच्या आधी: खरं काम इथे आहे

क्लोन करणारं सॉफ्टवेअर चार क्लिकचं असतं. फसतात ती माणसं आधीच्या तयारीत.

सगळ्यात आधी जुन्या डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाका. त्यात 'रीअलोकेटेड सेक्टर्स काउंट', 'करंट पेंडिंग सेक्टर काउंट' आणि 'अनकरेक्टेबल सेक्टर काउंट' या तीन ओळी शोधा. तिन्हींपुढच्या 'रॉ' रकान्यात शून्य असेल तर निर्धास्त राहा. 'पेंडिंग'पुढे आकडा असेल तर डिस्कचा काही भाग वाचता येत नाहीये, आणि साधा क्लोन मध्येच तुटण्याची शक्यता मोठी. अशा वेळी घाईने 'चेकडिस्क' चालवून डिस्कला रगडू नका. फोटो, हिशोब, कागदपत्रं ही परत न मिळणारी चीजवस्तू आधी बाहेर काढा, क्लोनचं नंतर. खूपच बिघडलेल्या डिस्कसाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू आहे. ते वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि अवघड जागांकडे शेवटी वळतं.

मग बॅकअप. "क्लोन म्हणजेच बॅकअप ना?" असं हमखास विचारलं जातं. नाही. क्लोन करताना दोन डिस्क समोर असतात आणि त्यांतली एक पूर्ण पुसली जाणार असते. उलटसुलट निवड झाली तर दोन्ही कोऱ्या. तिसऱ्या जागी, बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर, महत्त्वाचं असेल ते ठेवलेलं हवं.

तिसरी गोष्ट बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय, आणि यावर जरा रेंगाळायला हवं, कारण कित्येकांना आपल्या यंत्रावर ते चालू आहे हेच ठाऊक नसतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या अनेक लॅपटॉपवर 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आपोआप चालू होतं. विंडोज 11 ची 24एच2 आवृत्ती कोरी टाकली तर होम आवृत्तीतही. सी ड्राइव्हच्या चिन्हावर कुलूप दिसलं तर ते चालू आहे. सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' शोधूनही कळतं. चालू असेल तर आधी मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. त्याच लॅपटॉपवर नव्हे, कागदावर. मग एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा. 'सस्पेंड' हा पर्यायही दिसेल, पण त्याने डिस्कवरचा मजकूर कुलूपबंदच राहतो, फक्त किल्ली दारात टांगलेली असते. पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या क्लोन सॉफ्टवेअरला अशी डिस्क कळत नाही. ते रिकामी जागासुद्धा जशीच्या तशी उतरवत बसतं, आणि लहान डिस्कवर ते मावतही नाही. हार्डडिस्कवर एन्क्रिप्शन उतरायला काही तास लागतात, म्हणून हे आदल्या रात्री लावून ठेवा. नव्या डिस्कवर सगळं सुरळीत झालं की परत चालू करता येतं.

चौथं, सफाई. 'डिस्क क्लीनअप' चालवा, त्यात 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबा. जुन्या विंडोजचे अवशेष असतील तर तिथे वीस-वीस जीबी सुटतात. सी ड्राइव्हवर वापरलेली जागा नव्या डिस्कच्या 80 टक्क्यांच्या आत यायला हवी. सिनेमे आणि लग्नाचे व्हिडिओ एसएसडीवर न्यायचं कारणच नाही.

इथे आपल्याकडच्या सवयीचा एक मुद्दा येतो. दुकानदाराने डिस्कचे सी, डी, ई असे तुकडे पाडलेले असतात. सीवर विंडोज, डीवर काम, ईवर गाणी. डी आणि ई क्लोन करायची गरज नाही. नुसते विंडोजचे भाग नव्या डिस्कवर न्या आणि डेटा जुन्याच डिस्कवर राहू द्या. लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो काढून तिथे कॅडी (डिस्क धरणारी चौकट) घालून जुनी डिस्क बसवता येते. कॅडी 9.5 आणि 12.7 मिलिमीटर अशा दोन जाडींत मिळते, आपली मोजून घ्या.

टॅलीसारखी, परवाना यंत्राच्या हार्डवेअरशी बांधलेली सॉफ्टवेअर असतील तर त्यांची सीरियल माहिती आणि पासवर्ड हाताशी ठेवा. डिस्क बदलल्यावर परवाना पुन्हा सक्रिय करावा लागू शकतो. यूएसबी डोंगलवर चालणाऱ्यांना डिस्कशी देणंघेणं नसतं.

शेवटी विजेचं. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून बसा आणि स्लीप 'नेव्हर' करा. डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवा. घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त असेल तर त्याचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे ना बघा. साध्या मोडमध्ये लाइट गेल्यावर जो क्षणाचा खंड पडतो त्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होतो. क्लोन मध्येच तुटला तर जुन्या डिस्कला धक्का लागत नाही, तिच्यावरून फक्त वाचलं जातं. पण सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

क्लोन

नवी डिस्क जोडली की विंडोज 'इनिशियलाइझ' करू का विचारतं. जुनी जीपीटी असेल तर जीपीटी निवडा, एमबीआर असेल तर एमबीआर. ड्राइव्हला नाव-अक्षर देऊन फॉरमॅट करत बसू नका, क्लोन ते पुसणारच आहे. 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये स्टोरेजखाली डिस्क विभागात जाऊन दोन्ही डिस्कपुढे 'बाइट्स/सेक्टर' 512 आहे ना, तेवढं पाहा. काही यूएसबी एन्क्लोजर (डिस्क घालायच्या बाहेरच्या केस) हा आकडा 4096 करून दाखवतात. त्यातून केलेला क्लोन आत बसवला की उठत नाही. असं दिसलं तर साधी केबल वापरा.

सॉफ्टवेअर कुठलं? पूर्वी सगळे मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती सांगायचे. तिला 1 जानेवारी 2024 पासून आधार नाही, त्यामुळे जुन्या लेखांतला तो सल्ला सोडा. एसएसडीच्या कंपनीचं सॉफ्टवेअर आधी बघावं. सॅमसंगचं स्वतःचं आहे. क्रुशल, डब्ल्यूडी, किंग्स्टन हे अॅक्रोनिस ट्रू इमेजची आपापली आवृत्ती देतात. ही सॉफ्टवेअर त्या त्या कंपनीची डिस्क जोडलेली असेल तरच चालतात. कंपनीचं नसेल तर डिस्कजीनियसच्या मोफत आवृत्तीत 'सिस्टिम मायग्रेशन' आहे. मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर जायचं तर ही विंडोजमधून चालणारी सॉफ्टवेअरच बरी. ती चालू विंडोजचा एक गोठवलेला क्षण पकडून त्यावरून नक्कल करतात, आणि सी ड्राइव्ह आपोआप आखडून घेतात.

पायऱ्या सगळीकडे थोड्याफार सारख्याच. उघडी असलेली सगळी कामं, अँटिव्हायरसचं स्कॅन, ड्रॉपबॉक्स-वनड्राइव्हचं सिंक बंद करा. सॉफ्टवेअरमध्ये 'क्लोन डिस्क' किंवा 'सिस्टिम मायग्रेशन' निवडा. 'सोर्स' म्हणजे जुनी, 'टार्गेट' किंवा 'डेस्टिनेशन' म्हणजे नवी. इथे नुसत्या 'डिस्क 0', 'डिस्क 1' वर विसंबू नका. कंपनीचं नाव, मॉडेल आणि आकार तिन्ही वाचा: 931 जीबीची जुनी, 465 जीबीची नवी. दोन्ही डिस्क एकाच आकाराच्या असतील तर सीरियल क्रमांक स्टिकरशी ताडून बघा. मग पार्टिशनांची मांडणी समोर येते. ईएफआय आणि रिकव्हरी यांचे आकार आहेत तेच ठेवा, उरलेली सगळी जागा सीला द्या. रिकव्हरी सीच्या मागेच राहू द्या. 'सेक्टर बाय सेक्टर' अशी खूण दिसली तर ती काढून टाका. त्याने रिकामी जागाही कॉपी होते.

सुरू करा आणि यंत्राला हात लावू नका. टक्केवारी मध्येच एका आकड्यावर दहा-दहा मिनिटं अडते. लहान फाइलींचा ढिगारा लागला की असं होतंच. केबल हलवून बघायचा मोह आवरा.

नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी असेल तर क्लोनझिला हा माझा पहिला पसंतीचा पर्याय. तैवानच्या राष्ट्रीय संगणन केंद्रात घडलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून चालतं, आणि ते चालू असताना विंडोज झोपलेलं असतं. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने पेनड्राइव्ह तयार करा. विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' करा. एरवी फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज अर्धवट जागंच राहतं आणि क्लोनझिला तक्रार करतं. पेनड्राइव्हवरून सुरू झाल्यावर 'डिव्हाइस-डिव्हाइस', मग 'बिगिनर', मग 'डिस्क टू लोकल डिस्क'. आधी सोर्स विचारतं, मग टार्गेट. नावं एसडीए, एसडीबी अशी असतात, पुढे आकार आणि मॉडेल लिहिलेलं असतं. ते दोनदा वाचा. 'खरंच पुढे जायचं?' असं क्लोनझिलाही दोनदा विचारतं, आणि प्रत्येक वेळी 'वाय' दाबून एंटर मारावं लागतं. डिस्कचा आकार जुळवायचा पर्याय आला तर पार्टिशन तक्ता प्रमाणात वाढवणारा निवडता येतो. पण त्याने रिकव्हरीही फुगते. त्यापेक्षा आहे तसंच उतरवून नंतर सी वाढवलेलं चांगलं. काळ्या पडद्याची भीती वाटत असेल तर रेस्क्यूझिला हे त्याचंच माउसवर चालणारं भावंड आहे.

डिस्क आत बसवणं

लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. मागचे स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. कागदावर लॅपटॉपची चौकट काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी ठेवत जा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर वरच्या पट्टीला टेंगूळ येतं. काही स्क्रू रबराच्या पायांखाली किंवा स्टिकरखाली लपलेले असतात. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू राहिलाय असं समजा. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीची पिन काढणं. पिन प्लगला धरून ओढायची, वायरीला धरून नाही.

साटा डिस्क कनेक्टरातून आडवी सरकवून बाहेर येते. तिच्याभोवतीचा पत्रा नव्या डिस्कला लावायचा असतो, तो फेकू नका. एम डॉट टू पट्टी तिरकी आत घालायची, मग अलगद दाबून दुसऱ्या टोकाला स्क्रू लावायचा. तो स्क्रू पुष्कळ वेळा पट्टीसोबत येत नाही, आधीच मागून ठेवा.

जुनी डिस्क या टप्प्यावर बाहेरच ठेवायची. क्लोन झालेल्या दोन डिस्कांचे ओळखक्रमांक सारखे असतात. दोन्ही एकाच वेळी जोडून यंत्र सुरू केलं तर विंडोज गोंधळतं, एकीला 'ऑफलाइन' करतं, आणि कधी कधी आपण समजतो नव्यावर आहोत पण प्रत्यक्षात जुन्यावरूनच चाललेलो असतो. जुनी आतच ठेवून एनव्हीएमई टाकली असेल तर पहिल्या खेपेपुरती जुनीची केबल काढा.

पहिल्यांदा सुरू करताना

यंत्र सुरू होतानाच बटण दाबून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, जा. डेल, एसर, एसुस, लेनोवोच्या बहुतेक यंत्रांवर एफ2, एचपीवर एफ10. नवी डिस्क यादीत दिसते का ते बघा. दिसत नसेल तर ती नीट बसलेली नाही, किंवा खाच तिच्या जातीची नाही. बूट क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' वर आणा. साटाचा मोड, एएचसीआय किंवा आरएसटी किंवा व्हीएमडी, जो आधी होता तोच राहू द्या. 'एएचसीआय चांगलं' असं कुठेतरी वाचून तो बदलला की हमखास निळा पडदा येतो.

पहिल्या खेपेला थोडा वेळ जास्त लागतो, विंडोज नवं हार्डवेअर ओळखत असतं. विंडोजचा परवाना मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेला असल्यामुळे डिस्क बदलून तो सहसा जात नाही.

नाहीच सुरू झालं तर? जुनी डिस्क शाबूत आहे, हे आधी स्वतःला सांगा. मग निळ्या पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा.

'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असेल, आणि तुम्ही साटावरून एनव्हीएमईवर आला असाल, तर विंडोज सुरू होण्याच्या घडीला नव्या डिस्कचा ड्रायव्हर उठवत नाहीये. दोन-तीनदा सुरू व्हायला चुकलं की दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तिथून 'ट्रबलशूट', 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' करून सेफ मोडमध्ये जा. एकदा सेफ मोड लागला की पुढच्या वेळी साधं विंडोज बहुधा सुरळीत लागतं. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, म्हणून खात्याचा खरा पासवर्ड माहीत हवा. वर्षानुवर्षं चार अंकी पिन दाबणाऱ्याला तो आठवत नाही, ही या सगळ्या खटाटोपातली सर्वांत सामान्य अडचण असावी.

'नो बूटेबल डिव्हाइस' असेल तर ईएफआय भाग नीट उतरलेला नाही. विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह लावा, 'रिपेअर युवर कंप्युटर' निवडा आणि आधी 'स्टार्टअप रिपेअर' चालवून बघा. त्याने जमलं नाही तर तिथलाच कमांड प्रॉम्प्ट उघडा. डिस्कपार्ट या आज्ञेने ईएफआय पार्टिशनला एखादं अक्षर द्या, समजा एस. मग बीसीडीबूट ही आज्ञा द्यायची: तिला आधी विंडोज फोल्डरचा पत्ता, मग स्लॅश एस आणि एस ड्राइव्ह, शेवटी स्लॅश एफ आणि यूईएफआय. इथे एक मेख आहे. दुरुस्तीच्या पडद्यावर विंडोजचा ड्राइव्ह सी असेलच असं नसतं, कधी डी होतो तर कधी ई. डीआयआर आज्ञेने विंडोज फोल्डर कुठल्या अक्षरावर आहे ते पाहून मगच पत्ता लिहा.

सुरू झाल्यावर

टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये डिस्कखाली 'एसएसडी' लिहिलेलं दिसतं का बघा. मग 'डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' उघडा. तिथे 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' असेल तर विंडोज डीफ्रॅग न करता ट्रिम (कुठली जागा रिकामी झाली ते डिस्कला कळवणारी आज्ञा) पाठवतं, वेगळं काही करायला नको. सी ड्राइव्हच्या मागे मोकळी जागा उरली असेल आणि मध्ये रिकव्हरी नसेल तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'एक्स्टेंड व्हॉल्यूम'. मध्ये रिकव्हरी असेल तर तो पर्याय धूसर दिसतो. जीपार्टेड या पार्टिशनं सरकवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पेनड्राइव्हने रिकव्हरी शेवटी सरकवा, मग वाढवा. त्यानंतर प्रशासक कमांड प्रॉम्प्टवर 'रीएजंटसी स्लॅश इन्फो' चालवून रिकव्हरी 'एनेबल्ड' आहे का पाहा. नसेल तर 'स्लॅश एनेबल'. बिटलॉकर बंद केलं होतं ते आता परत चालू करा.

विंडोज 11 वर जायचं असेल तर ते इथून पुढे, डिस्क बदलल्यानंतर. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे पुष्कळजण दोन्ही कामं एका दमात उरकायला बघतात. आधी डिस्क हलवा, आठवडाभर वापरा, मग विंडोज चढवा. म्हणजे चढवताना काही बिनसलं तर हातात चालू असलेलं विंडोज 10 जुन्या डिस्कवर आहेच. एसएसडी टाकल्याने न बसणारं यंत्र विंडोज 11 ला बसू लागतं, असं मात्र नाही. टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) आणि प्रोसेसरची अट तशीच राहते.

डिस्क एमबीआर असेल तर मधली पायरी: विंडोजमधलंच एमबीआर2जीपीटी डेटा न पुसता जीपीटी करून देतं. त्यानंतर बायोसमध्ये लेगसी (सुरू व्हायची जुनी पद्धत) मोड बदलून यूईएफआय (नवी) करायचा. पण तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशनं किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर ते नकार देतं, आणि सी, डी, ई अशी मांडणी बहुधा एक्स्टेंडेडमध्येच असते. नुसते विंडोजचे भाग एसएसडीवर आणा म्हटलं, त्याचा फायदा इथे दिसतो.

उबंटू किंवा मिंट हे लिनक्स वापरणाऱ्यांसाठी काम सोपं आहे. क्लोनझिलाने डिस्क उतरवली की यूयूआयडी (पार्टिशनांचे ओळखक्रमांक) तेच राहतात, लिनक्स सुरू करणाऱ्या ग्रबला आणि पार्टिशनांची यादी ठेवणाऱ्या एफएसटॅबला फरक कळत नाही. फक्त दोन्ही डिस्क एकदम जोडून ठेवू नका, कुठली माउंट झाली याचा भरवसा राहत नाही.

डी-ईवरच्या डेटासाठी जुनी डिस्क आत बसवली नसेल तर ती निदान तीन-चार आठवडे तशीच कपाटात ठेवा. प्रिंटर, टॅली, सहीचं टोकन, वर्षातून एकदा लागणारी ती एक युटिलिटी, हे सगळं नव्यावर एकेकदा चालवून बघा. त्यानंतर तिला बाहेरच्या केसमध्ये घालून बॅकअपला वापरायची असेल तर डी-ईवरचा डेटा आधी दुसरीकडे हलवा, मग डिस्क मॅनेजमेंटमधून पार्टिशनं काढून नव्याने फॉरमॅट करा. कुणाला द्यायची किंवा भंगारात घालायची असेल तर साधा फॉरमॅट पुरत नाही, त्यातून फाइली परत निघतात. डिस्कपार्टमध्ये आकारावरून ती डिस्क निवडा आणि 'क्लीन ऑल' चालवा. त्याने सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. 1 टीबीला तीन-चार तास सहज लागतात, आणि दिलेली आज्ञा मागे घेता येत नाही. म्हणून एंटर दाबण्याआधी निवडलेली डिस्क 931 जीबीचीच आहे ना, हे आणखी एकदा वाचा.